मशीनचं कपाळ

“आधीची नोकरी का सोडलीत?” हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तरात काडीचाही रस नसतो, असं चंद्रशेखर शेडग्याचं मत होतं. विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतात, आपण काहीतरी पुटपुटायचं, मग ते पगाराकडे वळतात. हे मत त्याने घरून निघताना बायकोलाही ऐकवलं होतं. रबाळ्याच्या पहिल्याच इंटरव्ह्यूत ते निकालात निघालं. समोरच्या गृहस्थांनी पेनाला टोपण लावलं, मोबाईल पालथा ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, “हां. आता सांगा.”

चंद्रशेखरने पाणी मागितलं. पाणी आलं. ते त्याने शक्य तितक्या सावकाश संपवलं, पण कितीही सावकाश प्यायलं तरी ग्लास रिकामा होतोच.

“तशी मी सोडली नाही, सर.”

“मग?”

“त्यांनी सोडली.”

“कुणी?”

“कंपनीने.”

“कंपनीने नोकरी सोडली?”

“नाही. मला सोडलं.”

गृहस्थांनी टोपण पुन्हा काढलं, समोरच्या कागदावर एक आडवी रेघ मारली आणि चहा यायच्या आत चंद्रशेखर रस्त्यावर आला.

आता खरं कारण मी इथेच सांगून टाकतो, कारण ते चंद्रशेखरच्या तोंडून निघेल या आशेवर बसलात तर ही गोष्ट संपायची नाही.

नवी मुंबईतल्या पावण्याला बाटल्यांची झाकणं बनवणारा एक कारखाना आहे. चंद्रशेखर तिथे मेंटेनन्सचा प्रमुख होता. कारखाना उभा केला तो आताच्या मालकाच्या, म्हणजे राजवर्धनच्या, वडिलांनी, एका जुन्या लेथवर. त्या लेथची पहिली पूजा केली राजवर्धनच्या आईने, गोजराबाईंनी. तेव्हापासून दर खंडेनवमीला कारखान्यातल्या झाडून सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावायचा मान त्यांचा. पुढे वडील गेले, राजवर्धन बाहेरून शिकून आला आणि त्याने परदेशातून एक मशीन मागवलं, ज्याला डोळा होता. पट्ट्यावरून पळणारं प्रत्येक झाकण हे मशीन कॅमेऱ्याने न्याहाळायचं, डाग दिसला की हवेचा फवारा मारून ते बाजूला उडवायचं, आणि उडवलेलं झाकण सरळ दळणयंत्रात जाऊन परत प्लास्टिकचा दाणा व्हायचं. ह्या मशीनसाठी राजवर्धनने सूचना काढली : हळद, कुंकू, फुलं, अक्षता, नारळाचं पाणी, काहीही लावायचं नाही.

सूचना अगदी बरोबर होती. चंद्रशेखरनेच ती भिंतीवर चिकटवली होती, चारही कोपरे नीट दाबून. पण खंडेनवमीला गोजराबाई आल्या. डोळ्यांत मोतीबिंदू, हातात तबक. लेथपासून सुरुवात करून, प्रत्येक मशीनची नावानिशी विचारपूस करत त्या नव्या मशीनपाशी येऊन थांबल्या. राजवर्धन तेव्हा बाहेर फोनवर होता.

“हिचं नाव काय रे, शेडगे?”

चंद्रशेखरने मॉडेलचा नंबर सांगितला. अक्षरं, आकडे, मधल्या तिरक्या रेघा, सगळं.

“एवढं लांब? मग बिचारीला हाक कशी मारायची?” म्हातारी हसली. मग तबक सावरत म्हणाली, “हिला नको म्हणतो ना राजू? आता हळूहळू सगळ्याच अशा येतील. मग मी यायचं तरी कशाला?”

ह्यावर नियमात बसणारं उत्तर होतं आणि ते चंद्रशेखरला पाठ होतं. ते न देता तो म्हणाला, “लावा आई. एकच बोट.” आणि हात जोडून त्याने डोळे मिटले.

मिटायला नको होते. त्या मशीनच्या तोंडावर दोन गोल दिवे आहेत आणि त्या दोहोंच्या मधोमध, किंचित वर, कॅमेऱ्याची काच आहे. जिने जन्मभर सवाष्णींच्या कपाळी कुंकू टेकवलं, तिने दुसरीकडे कुठे बोट लावावं? बरोबर कपाळावर लावलं. वरून कुणीतरी झेंडूची माळ टाकली, तेवढ्यात पेढे आले आणि चंद्रशेखर पेढे वाटायला गेला.

दसऱ्याची सुट्टी संपली, मशीन सुरू झालं. त्याला सगळं जग तांबडं दिसायला लागलं. पांढरंशुभ्र झाकण समोर येई, मशीन त्याला डागाळलेलं ठरवी आणि फू करून उडवी. सणानंतरची पाळी, निम्मी माणसं अजून गावाला. कुणाच्या लक्षात येईपर्यंत एक अख्खी ऑर्डर इमानेइतबारे बनली आणि इमानेइतबारे दळलीही गेली.

“हे कुणी केलं?” राजवर्धनने विचारलं. सीसीटीव्हीपुढे आंब्याचं तोरण डुलत होतं, त्यापलीकडे काही दिसत नव्हतं. चंद्रशेखर म्हणाला, “माझ्या हद्दीत झालं, सर. जबाबदारी माझी.” आईला तर आपण नको म्हणून सांगितलंच होतं, तेव्हा राजवर्धनला वाटलं, ह्यानेच लावलं. चंद्रशेखरने त्याला तसं वाटू दिलं. आपल्या एका बोटाने ऑर्डरचं पीठ झालं हे म्हातारीला कळलं असतं, तर तिने पुन्हा कारखान्याची पायरी चढली नसती, आणि त्या एका दिवसाशिवाय वर्षभर वाट बघावी असं तिच्याकडे दुसरं काही उरलेलं नव्हतं. एवढा विचार चंद्रशेखरने जागच्या जागी केला. आपलं काय, हा विचार घरी गेल्यावर करू असं ठरवलं. असा माणूस शेजारी लाभावा. नवरा म्हणून लाभावा की नाही, ते सुनीतीला विचारायला हवं.

सुनीतीला, म्हणजे त्याच्या बायकोला, त्याने सगळं सांगितलं होतं. ती एका बालवाडीत शिकवते. तिच्या पगारात स्वयंपाकघर चालतं, घर चालत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “बरं केलंत. आता दुसरी बघा.” ह्या बाईबद्दल मला जो आदर आहे तो मी पुढे वेगळा सांगत बसणार नाही.

कोपरखैरण्यातल्या त्यांच्या सोसायटीत मात्र बातमी निम्मीच पोचली होती, म्हणजे ‘शेडग्यांची गेली’ एवढीच. सल्ला द्यायला तेवढी पुरते. समोरच्या ब्लॉकमधला प्रसाद ऐरोलीला कुठल्याशा आयटी कंपनीत होता आणि दर दीड वर्षाने नोकरी बदलत होता, त्यामुळे ह्या विषयात त्याचा शब्द अखेरचा समजला जाई.

“दादा, ‘काढलं’ हा वर्डच नाय काढायचा,” प्रसाद म्हणाला. “सिम्पल बोलायचं, नवीन चॅलेंज पायजे होता. आणि तुमच्या कंपनीचं व्हिजन माझ्याशी मॅच होतं. बस्स. टेन्शनच नाय.”

चंद्रशेखरने ते घोकलं. आंघोळ करताना घोकलं, भाजी निवडताना घोकलं. पुढचा इंटरव्ह्यू पत्र्याचे डबे करणाऱ्या एका कारखान्यात होता. मॅनेजर मिशाळ आणि शांत होते. चंद्रशेखरने चॅलेंज झाल्यावर व्हिजनही म्हणून दाखवलं.

“आमचं व्हिजन?” मॅनेजर म्हणाले. “आम्ही तेलाचे डबे करतो.”

“हो सर. तेच.”

“तेच काय?”

“तेच जुळतं.”

मॅनेजरांनी अर्जावरची तारीख बोटाने दाखवली. “शेडगे, दसरा झाल्यावर आणि दिवाळीचा बोनस हातात पडायच्या आत नोकरी सोडणारा माणूस ह्या एमआयडीसीत अजून जन्माला यायचाय. आग लागली तरी लोक बोनस घेऊन पळतात. तेव्हा एक तर तुम्हाला काढलंय, नाही तर तुम्ही वेडे आहात. ह्या दोन्ही प्रकारची माणसं आमच्याकडे पुष्कळ आहेत.”

ही अडचण प्रसादच्या ध्यानात आलीच नव्हती, कारण आयटीत बोनस एप्रिलमध्ये येतो. चंद्रशेखरने ती संध्याकाळी सोसायटीच्या गेटपाशी मांडली. तिथे सिताराम काका बसलेले होते. काका जन्मभर वाशीच्या भाजी मार्केटात टोळीचे मुकादम. आता निवृत्त, पण मुकादमकी सुटलेली नव्हती. सोसायटीत पाण्याचा टँकर आला तरी तो कुठे लावायचा हे तेच ओरडून सांगत.

“आईचं आजारपन लाव,” काका म्हणाले. “बोनस सोडला का? आईसाठी सोडला. आता बोल म्हनावं कोन काय बोलतो. मी आख्ख्या सर्व्हिसमंदी एकाच आत्याला चारदा पोचवली, एकानं इचारलं नाय.”

“पण काका, माझी आई ठणठणीत आहे.”

“मग गुडगे दुखव तिचे. गुडग्याला काय होतंय? मानूस मरत बी नाय आन्‌ बरा बी होत नाय.”

चंद्रशेखरच्या मनाला हे पटत नव्हतं. आईला जन्मात कधी साधी शिंकही त्याने लावली नव्हती. पण इतर मातांना किती मोठमोठे रोग होतात, त्यामानाने गुडघे म्हणजे काहीच नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली. पुढचा इंटरव्ह्यू महापेला होता आणि तिथे शर्मिला मॅडम म्हणून एचआरच्या बाई होत्या. “आईचे गुडघे,” असं तो म्हणाला मात्र, मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या आईचेही गुडघेच होते. पुढे इंटरव्ह्यू असा झालाच नाही, दोन्ही गुडघ्यांबद्दल बोलणं झालं. उतरताना जास्त दुखतात की चढताना? डावा की उजवा? चंद्रशेखर म्हणाला, चढताना, डावा. एकदा सुरुवात केल्यावर थांबणं बरं दिसेना, म्हणून रात्री जरा उजवाही, असं त्याने जोडून दिलं. मॅडमनी घरचा नंबर मागून घेतला. एका वैद्याचं तेल होतं, त्याचा पत्ता त्या कळवणार होत्या. नोकरी जवळजवळ झाल्यातच जमा होती.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा चंद्रशेखर बँकेत गेला होता. फोन उचलला बाळाबाईंनी, म्हणजे साक्षात त्या गुडघ्यांच्या मालकिणीने. त्या त्याच दिवशी सकाळी दिवाळीसाठी साताऱ्याकडच्या गावाहून आल्या होत्या.

“गुडघं?” बाळाबाई फोनवर म्हणाल्या. “कुनाचं गुडघं? माझं? आवो बाई, हितली लिफ्ट बंद हाय म्हनून आत्ता पाच जिनं चढून आले मी, डोक्यावर तांदळाचं गठुडं घेऊन! कुनी सांगितलं तुमास्नी? चंदूनं? थांबा, येऊ दे त्याला.”

शर्मिला मॅडमनी तेलाचा पत्ता सांगितला नाही. बाळाबाईंनी लेकाशी अबोला धरला. अबोल्यातही त्या स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. रोज संध्याकाळी त्या सोसायटीच्या बागेभोवती फेऱ्या मारत, आणि चंद्रशेखर गॅलरीत दिसला की मुद्दाम वेग वाढवत. गेटपाशी बसलेल्या सिताराम काकांसमोर त्यांनी एकदा उकिडवं बसून, कशालाही न धरता उठून दाखवलं. काकांनी मान डोलावली आणि आपला ह्या प्रकरणाशी काही संबंध असल्याचं दाखवलं नाही.

मधल्या काळात दुसरंच एक प्रकरण वाढत होतं. पावण्याच्या चहाच्या टपरीवर कारखान्यातल्या कुणीतरी कुंकवाची गोष्ट सांगितली. तिथून ती टेम्पोवाल्यांबरोबर निघाली. तुर्भ्याला पोचेपर्यंत कुंकवाबरोबर लिंबू आलं, कळंबोलीला काळी बाहुली आली, आणि तळोज्यात ती उतरली ती अशी, की पावण्याला शेडगे म्हणून एक जाणकार आहे, ज्या मशीनकडे डोळे मिटून हात जोडतो, त्या मशीनची मती त्याला हवी तशी फिरते.

दिवाळी झाली आणि तळोज्याहून एका रसायनाच्या कारखान्याच्या मालकाचा आपण होऊन फोन आला. “या, तुमच्यासारख्याच माणसाची गरज आहे.” सुनीतीने शर्टला कडक इस्त्री केली. बाळाबाईंनी अबोला न मोडता हातावर दही ठेवलं.

मालकांनी ‘नोकरी का सोडली’ हे विचारलंच नाही. चंद्रशेखरला भरून आलं. मालक त्याला थेट आत घेऊन गेले. तिथे एक मोठा मिक्सर बंद पडलेला, त्याच्यासमोर पाट, पाटावर नारळ, लिंबं, गुलाल, आणि बाजूला चार कामगार हात जोडून उभे.

“दर अमावास्येच्या आसपास बंद पडतो,” मालक दबक्या आवाजात म्हणाले. “तुमची पद्धत काय असते? आणखी काही लागत असेल तर सांगा. कोंबडा मात्र आमच्यात चालत नाही.”

आपल्या नायकाच्या स्वाभिमानावर आजवर पुष्कळ ओरखडे उठले होते, पण हा घाव खोल होता. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा, पहिल्या वर्गात, सातारा जिल्ह्यातल्या त्याच्या गावातला पहिला डिप्लोमा, आणि समोर लिंबं. “मी इंजिनिअर माणूस आहे,” असं तो शक्य तितक्या ताठ मानेने म्हणाला. मालक म्हणाले, “हो हो, बाहेर आम्ही तसंच सांगू.”

इथे दुसरा कुणीही तडक निघाला असता. चंद्रशेखरही निघाला. पण दाराशी जाऊन त्याची पावलं अडली, कारण बंद मशीनकडे पाठ फिरवणं त्याला जमत नाही. परत येऊन त्याने पाट बाजूला सरकवला, पॅनेल उघडलं, आत हात घातला आणि तापमान मोजणाऱ्या वायरचं सैल झालेलं टोक घट्ट बसवलं. मिक्सर घरघरायला लागला. चारही कामगार पाया पडले. “मंत्र मनातल्या मनातच म्हणता वाटतं,” मालक म्हणाले, आणि त्यांनी नोकरी देण्याऐवजी नारळ हातात ठेवला. पुढच्या अमावास्येला गाडी पाठवतो, असंही म्हणाले.

तो नारळ घेऊन तळोज्याहून घरी येणं, हा त्याच्या आयुष्यातला फार लांबचा प्रवास होता. सुनीतीने नारळ घेतला, फोडला, खवला, आणि खवता खवता म्हणाली, “अहो, आता पुरे. पुढच्या ठिकाणी खरं सांगा.”

“आणि गोजराबाईंचं?”

“ते नाही सांगायचं. जे सांगता येत नाही ते सांगता येत नाही, म्हणायचं.”

“मग त्यात उरतं काय?”

“तुम्ही उरता,” सुनीती म्हणाली. बाळाबाई आतून ऐकत होत्या. त्या दिवशी त्यांनी अबोला सोडला आणि लेकाला ताटावर बसवून पहिलं वाक्य बोलल्या, “चटणी घे.”

पुढचं ठिकाणही तळोज्यातच निघालं. गोटीराम शेठ मूळचे उरणजवळच्या मोऱ्याचे. लहानपणी तिथल्या बंदरावर मासळीच्या पाट्या वाहिल्या होत्या, आणि आता मासळी आणि बर्फ ठेवायचे प्लास्टिकचे क्रेट बनवणारा त्यांचा कारखाना होता. त्यांची मुलगी अक्षता इंजिनिअर होऊन हाताशी आली होती, आणि तिच्या हट्टापायी त्यांनीही कॅमेऱ्याचं मशीन घेतलं होतं. ते सांभाळायला माणूस हवा होता.

पहिला बराच वेळ अक्षताच प्रश्न विचारत होती. काय सांगू, त्या वेळी चंद्रशेखरला बघायला हवं होतं. काचेवर वाफ धरली तर काय, पट्टा थरथरला तर काय, दुपारी पत्र्यातून ऊन आलं की कॅमेरा कसा फसतो, हे तो हातवारे करून असा सांगत होता की शेठच्या हातातला चहा निवला. चोरट्यासारखा बसणारा तो मघाचा माणूस कुठल्याकुठे गेला होता. आपल्या कामावर जीव असलेला माणूस बोलायला लागला की त्याच्याकडे बघतच राहावंसं वाटतं, हे मी कितीदा तरी अनुभवलं आहे. अक्षताने वडिलांकडे बघून मान हलवली. काम झालं होतं.

“सगला बराबर हाय,” गोटीराम शेठ म्हणाले. “फक्त यक सांगा. आधीची नोकरी कशाला सोडली?”

चंद्रशेखरने पाणी मागितलं नाही. “सोडली नाही, शेठ. मला काढलं.”

“कशापायी?”

“नव्या मशीनच्या कॅमेऱ्याला कुंकू लागलं. लावायचं नाही अशी सूचना होती. मी लावू दिलं. ऑर्डर वाया गेली.”

“लावू दिलं?” शेठ बाजारात वाढलेले, शब्द तोलून घेणारे. “म्हंजे लावला दुसऱ्यानी. कोनी?”

“ते सांगता येणार नाही.”

“आरं, मना सांगाला काय जातंय? मी काय त्याला फाशी देनार हाय?”

“सांगता येणार नाही, शेठ.”

“राजवर्धनचा बा माझा दोस्त व्हता. अक्षता, लाव त्याला फोन. स्पीकरवर टाक.”

आता चंद्रशेखर उभाच राहिला. राजवर्धनसमोर त्याने ‘जबाबदारी माझी’ म्हटलं होतं, ‘लावू दिलं’ असं कधी म्हटलं नव्हतं. “शेठ, फोन नका करू,” तो म्हणाला. “नोकरी राहू दे. मला नको नोकरी. मी निघतो.” चार दारांवरून परतलेला, पाचव्या दारात पाय ठेवलेला हा माणूस खरोखरच दाराकडे चालायला लागला. पण फोन लागला होता.

“शेडगे?” फोनमधून राजवर्धनचा आवाज आला. “माणूस हुशार आहे, काका. प्रामाणिक आहे. पण ऐकत नाही. स्वतः सूचना चिकटवली आणि स्वतःच जाऊन कुंकू लावलं.”

“सोतानी नाय लावला बोलतंय तो. लावू दिलं बोलतंय. कोनाला, ते सांगत नाय.”

फोनमधून तिकडचा कंप्रेसर ऐकू येत होता. चंद्रशेखर दाराच्या कडीला हात लावून थांबला होता.

“शेडगे तिथे आहेत?” राजवर्धनने विचारलं. “शेडगे… आई होती का?”

एक ‘हो’ म्हटलं की संपत होतं. गेलेलं नाव परत येत होतं, लिंबं आणि नारळ मागे पडत होते, आणि इथली नोकरी तर समोर टेबलावर ठेवलेली होती.

“नाही सर,” चंद्रशेखर म्हणाला. “मीच लावलं. आई तेव्हा लेथपाशी होत्या.”

“नक्की?”

“नक्की, सर. उजव्या हाताने लावलं.”

“शेडगे, दिवाळीत आई मला विचारत होती, त्या लांब नावाच्या मशीनचं कसं चाललंय म्हणून. मशीनचं नाव लांब आहे, हे तिला कुणी सांगितलं?”

पोटापाण्यासाठी ज्या थापा मारल्या त्यातली एक टिकली नव्हती. जी टिकावी म्हणून त्याने खरोखर जीव टाकला, तीही टिकली नाही. खोटं बोलण्याच्या कामी हा माणूस साफ कुचकामी आहे. असा कुचकामी माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

“मीच सांगितलं, सर.”

“आणि मला का नाही सांगितलंत?”

“तुम्हाला कळलं की त्यांना कळणार. मग त्या परत आल्या नसत्या, सर. आणि त्यांच्याशिवाय खंडेनवमी…” गोटीराम शेठ उगाचच खिडकीबाहेर बघायला लागले होते.

“तिला कळणार नाही,” राजवर्धन म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान मुलाचा झाला होता. “मी काहीच बोलणार नाही. पण पुढच्या खेपेला कुठे लावायचं, ते तिला कोण दाखवणार?”

“मशीनच्या डाव्या अंगाला पत्र्याची कोरी पट्टी आहे, सर. तिथे लावलं तर काही होत नाही. मीच आधी तिथे बोट ठेवून दाखवायला हवं होतं.”

“मग उद्या येऊन दाखवा. उद्यापासून कामाला या, शेडगे.”

चंद्रशेखर परत आला, खुर्ची नीट पुढे ओढून बसला आणि शर्टाची कॉलर सरळ करून फोनकडे बघत म्हणाला, “सर, मी आत्ता इंटरव्ह्यूला बसलोय. इथलं काय ते होऊ दे. मग कळवतो.”

अक्षताला हसू आवरेना. गोटीराम शेठनी हात लांब करून फोन आपल्याकडे ओढला.

“राजवर्धन, आईला माझा रामराम सांग,” ते म्हणाले, “आन्‌ फोन ठेव आता. आमच्या मानसाचा कामाचा टाइम हाय.”